नवव्या भागाचा दोरा

मागच्या डिसेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी चार वाजता, सोलापुरात अशोक चौकामागच्या एका घरात, मी प्लास्टिकमध्ये सीलबंद असलेलं एक नवं पुस्तक फोडलं. त्याची शेवटची पानं मरून रंगाच्या दोऱ्याने बांधलेली होती. अशी पानं बांधणारी एकच व्यक्ती मला माहीत होती. ती दोन दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, वारली होती.

मी बरीच वर्षं न्यूज डेस्कवर आहे. अमुक विहिरीवर बाई दिसते, तमुक बंगल्यात आवाज येतात... अशा बातम्या मी न वाचताच बाजूला काढत आले. दोन जणांकडून खात्री झाल्याशिवाय काही छापायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. इथेही तेवढंच लिहिते आहे.

पद्मा माझी शाळेपासूनची मैत्रीण. एका शाळेत इंग्रजी शिकवायची. घरामागे तिच्या नवऱ्याचे, श्रीनिवासरावांचे, टॉवेलचे दोन यंत्रमाग आहेत. किडन्या निकामी झाल्यावर आठवड्यातून दोनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. ती डावखुरी, म्हणून सुई उजव्या हातात. डावा हात पानं उलटायला मोकळा. वेळ जावा म्हणून मी तिला एक जपानी मांगा, म्हणजे चित्रकथांची मालिका, इंग्रजीत मागवून दिली. तळ्याकाठचं काळं घर, प्रत्येक भागात एक खून, प्रत्येक भागाचा वेगळा खुनी – आणि त्या सगळ्यांना नाचवणाऱ्याचं नाव नवव्या, शेवटच्या भागात.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. पहिला भाग देताना हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. पद्माने तो आपल्या सवयीने उघडला आणि मला फोन केला.

"एडिटरबाई, ही कसली रहस्यकथा? पहिल्याच पानावर खुनी कबुली देतोय की!"

"अगं, ते शेवटचं पान आहे."

"मग आधी सांगायचं की! गेला ना माझा एक खून वाया."

डायलिसिसला तिच्या शेजारच्या खुर्चीवर शबानाबाजी असायच्या. शिवणकाम करणाऱ्या, रहस्यकथांच्या शौकीन. वाचून झालेला भाग पद्मा त्यांना देई. त्यांचाही खून वाया जाऊ नये म्हणून तिने एक पद्धत काढली. भाग संपला की शेवटची पंधरा-वीस पानं ती मागावरच्या दोऱ्याने बांधून टाकायची. वरून खाली एक वेढा आणि कडेला गाठ – तुटलेला धागा सांधायला विणकर मारतात ती. स्वतःचं वाचून होईपर्यंत ती दोरा बांधत नसे. पुस्तक हातात देताना म्हणायची, "माझं झालं. आता तुमची पाळी."

आठ भाग असेच गेले. नववा लवकर मिळेना. ती वारली त्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी, तिचा फोन आला. आवाज खोल गेला होता. मी शेवट इंटरनेटवर वाचलाय, हे तिला ठाऊक होतं.

"नाव तेवढं सांग की."

"पुस्तक येऊ दे. मंगळवारी येतंय."

"आणि तोवर मी नसले तर?"

"नाटकं करू नकोस, पद्मा."

"लई कडक बाई हायस तू," ती म्हणाली. मग खोकला आला आणि फोन बंद झाला. आमचं ते शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी तिचं डायलिसिस होतं.

मंगळवारी पार्सल माझ्या ऑफिसात आलं. खोक्याची टेप शाबूत होती. आत पुस्तकावर पारदर्शक प्लास्टिक, चारही कडा चिकटवलेल्या. ते मी तसंच घेऊन पद्माच्या घरी गेले. माग बंद होते. फोटोपुढे पुस्तक ठेवावं, एवढाच विचार होता. श्रीनिवासराव म्हणाले, "ताई, उघडून ठेवा. बंद पुस्तक तिला चालायचं न्हाय." मी त्यांच्यासमोर कात्रीने प्लास्टिक कापलं.

दोरा पाहून त्यांनी पुस्तक हातात घेतलं. खिडकीपाशी गेले, चष्मा लावला, गाठ नखाने उलटून पाहिली.

"सूत आमच्याच बीमचं हाय, मागाच्या रुळावरचं. हा रंग गेल्या आठवड्यात चढवलाय."

"आणि गाठ?"

"आमच्या सगळ्यांच्या गाठीचं टोक उजवीकडं पडतं. हे डावीकडं हाय." त्यांनी चष्मा काढला. "घरात डावखुरी ती एकटीच होती की."

पुस्तक विकणाऱ्याला मी फोन केला. प्लास्टिक छापखान्यातच चढतं, आम्ही ते उघडत नाही, असं उत्तर मिळालं. ऑफिसात पार्सल घेणाऱ्या वॉचमनला विचारलं. आलं तसं टेबलावर ठेवलं, म्हणाला. पुस्तक मंगळवारपर्यंत सोलापुरात नव्हतं, ही कुरिअरची नोंद माझ्या फोनवर अजून आहे. याचा अर्थ मला लावता आलेला नाही.

दोरा न सोडता नववा भाग मी पुढच्या आठवड्यात डायलिसिस सेंटरवर नेला. दोऱ्याचं शबानाबाजींना कसं सांगावं, हे ठरत नव्हतं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, दोऱ्यावरून बोट फिरवलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"टीचर आखरी बार आए थे ना, उस शनिवार कू बोले थे मेरे कू," त्या म्हणाल्या. "'माझं झालं, आता तुमची पाळी.' मैं पूछी, कौनसा? बोले, नववा."