काचेत उलटा दिसलेला पासवर्ड

चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या त्या बाईंना सगळे 'नंबरवाल्या ताई' म्हणत. दुकान इतकं चिंचोळं, की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगावा लागे आणि समोर आरसा. आरशात सरळ दिसावीत म्हणून तक्त्यावरची अक्षरं उलटी छापलेली. ताई तक्त्याशेजारी उभ्या राहून छडीने एकेक अक्षर दाखवायच्या, त्यामुळे उलटं वाचणं अगदी अंगवळणी पडलेलं. घरी सगळे चेष्टा करत, "हिला पेपर उलटा द्या, बातम्या लवकर कळतील!"

ताईंची धाकटी बहीण कपड्यांच्या कारखान्यात शिलाईकाम करायची. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून तिने वर्षापूर्वी घर सोडलं होतं. नवा पत्ता फक्त तिघांकडे होता: ताई, कारखाना आणि कर कार्यालय. तरी एका मंगळवारी भरदुपारी तो दारात हजर! शेजारणीने आरडाओरडा केला म्हणून पळाला.

"ताई, तू कुणाला बोललीस का गं?" फोनवर बहिणीचा आवाज थरथरत होता.

"जीभ झडेल माझी! कारखान्यातून पत्ता गेला असेल का?"

"मालकीणबाई माझा कागद कुलपात ठेवतात. आणि जाताना तो काय म्हणाला माहितीये? 'सरकारी कागद खोटं बोलत नाही.'"

दुसऱ्या दिवशी ताईंनी सुट्टी टाकली आणि बहिणीला घेऊन थेट कर कार्यालय गाठलं. मोठा हॉल, सहा खिडक्या, आणि कोपऱ्यात लोकांना आपापली फाइल बघता यावी म्हणून ठेवलेला एक संगणक. चौथ्या खिडकीवरच्या कारकुनाने मानसुद्धा वर केली नाही.

"बाई, इथून काही बाहेर जात नाही. सगळं पासवर्डमध्ये असतं."

तो हे बोलत असताना ताईंची नजर त्याच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटावर गेली. काचेत त्याच्या संगणकाचं प्रतिबिंब पडलं होतं आणि पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठीही. चिठ्ठीवर कार्यालयाचं नाव, आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत 'स्वागत', पुढे एक-दोन-तीन-चार. उलटं.

"चल," त्या बहिणीच्या कानात पुटपुटल्या. "आधी मोठ्या मॅडमना गाठू."

मुख्य अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर 'आलं आणखी एक' असं स्पष्ट लिहिलेलं. "आमची यंत्रणा तपासलेली आहे हो."

"मॅडम, पाच मिनिटं द्या. तुमच्यासमोर करते. आणि फाइल उघडेन ती माझीच, दुसऱ्या कुणाची नाही."

हॉलमधल्या संगणकावर 'कर्मचाऱ्यांसाठी' असं एक बटण होतं. ताईंनी ते दाबलं, चिठ्ठीवरचं नाव आणि पासवर्ड टाकला आणि स्वतःचं नाव शोधलं. क्षणात सगळं समोर! पत्ता, फोन, जन्मतारीख, एवढंच काय, करसवलतीसाठी जोडलेला, सासूबाईंपासून लपवलेल्या ऑपरेशनचा कागदसुद्धा. रांगेतले लोक माना लांब करू लागले. "माझंही दिसतं का हो यात?" कुणीतरी ओरडलं. मॅडमनी झटकन हातातली फाइल पडद्यापुढे आडवी धरली.

"पण असं उलटं वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच," कारकून पुटपुटला.

ताईंनी रांगेत उभं राहून मोबाइलवर कपाटाचा फोटो काढला, बोटाने तो आरशासारखा डावा-उजवा उलटवला आणि त्याच्यासमोर धरला. "घ्या. आता वाचा सरळ."

कारकुनाचा चेहरा पडला. कोणती फाइल कधी उघडली याच्या नोंदी मॅडमनी तिथल्या तिथे काढायला लावल्या. बहिणीची फाइल मागच्या गुरुवारी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी उघडली होती. कुणी? सांगता येईना, कारण सगळे बारा कर्मचारी एकच नाव आणि एकच पासवर्ड वापरत होते. पण कुठून, ते कळलं: हॉलमधल्या याच संगणकावरून. मग कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. गुरुवार, अकरा चाळीस. निळा शर्ट, पाठमोरा माणूस. तो वळला.

"तोच!" बहीण ताडकन उठली. सकाळपासून तिच्या आवाजात भीती होती. आता निव्वळ संताप. "चला, पोलिसांकडे. मी सांगते सगळं."

आणि खरंच, तिनेच सगळं सांगितलं. त्याने तिच्या जवळपास फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम दोन आठवड्यांत निघाला. कार्यालयात प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मिळाला, टेबलं फिरवली, हॉलमधला संगणक हलवला. पण तो एकच पासवर्ड चालू असलेल्या गेल्या दोन वर्षांत आणखी कुणाकुणाच्या फाइली परक्या हातांनी उघडल्या, ते कधीच कळणार नव्हतं.

"मग सगळ्यांना तसं पत्र पाठवा," ताईंनी मॅडमना सांगितलं.

"लोकांमध्ये घबराट होईल."

"होऊ दे की! घरंदारं त्यांची आहेत, मॅडम."

तीन आठवड्यांनी घरोघरी पत्रं पोचली, खाली मॅडमची स्वतःची सही.

बहिणीने पुन्हा घर बदललं. या वेळी तिचा पत्ता मॅडमच्या खोलीत, बंद पाकिटात जमा झाला. शिलाईमशीन तिसऱ्या मजल्यावर चढवताना दोघी बहिणी मधल्या पायरीवर धापा टाकत बसल्या. मशीन मांडीवर, आणि हसू काही आवरेना.