परसूची तुला

आमच्या निपाणीकडची चंपा लग्न होऊन बंगळूरला निघाली तवा तिच्या संगं एक ट्रंक, एक बोचकं आणि दगडी जातं होतं. गाडीत जागा अडली म्हणून शेजारचा माणूस कुरकुरला, तर ही त्याला म्हणाली, "तुझ्या मांडीवर ठेवलंय व्हय? माझं मी बगीन."

नवरा नागनाथ चामराजपेटेत एका बेकरीत भट्टीवर होता. खोली वठारात, म्हणजे एका अंगणाभोवती दहा बिऱ्हाडं आणि मधी एक नळ. अठ्ठावन्न साली तिथं परसू झाला. दोन म्हयन्यांचा असताना हगवण लागून पोरगं पार चिपाड झालं. नागनाथ गल्लीतल्या मारुतीला नवस बोलला, पोरगं जगलं तर वर्षाच्या आत त्याची तुला करीन. तुला म्हणजे एका पारड्यात पोर, दुसऱ्यात त्याच्या वजनाएवढं गोडधोड, ते मग सगळ्यांना वाटायचं.

पोरगं जगलं. पण सहाव्या म्हयन्यात धान्याच्या दुकानात काट्यावर घातलं तर बाराच रत्तल, म्हणजे जेमतेम साडेपाच किलो. तिथून नवराबायकोत जुंपली.

"उद्यापास्नं बिस्किट चालू," नागनाथ म्हणाला. "कँटोन्मेंटात साहेबाची पोरं बिस्किटावरच वाढत्यात. गाल बगितलंस न्हवं त्यांचं, टमाट्यागत?"

"साहेबाच्या पोराचं बूड धुवायला आया असती. हितं मीच हाय."

"मग काय नाचणी घालणार? नाचणी खाऊन माझा बा काळाठिक्कर पडला."

"काळा पडला, पन ऐंशीव्या वर्षी नांगर धरतूय की!"

चंपानं नाचणी भिजवली, ओल्या धडप्यात बांधून मोड काढलं, सावलीत वाळवली, जात्यावर दळली आणि जुन्या धोतराच्या फडक्यातनं गाळली. त्या पिठाची गूळ घालून पातळ खीर. बंगळूरची माणसं नाचणीला रागी म्हणतात, एवढाच फरक.

नागनाथ गप बसणारा गडी नव्हता. चंपा नळावर गेली की हा दुधात बिस्किट कालवून पोराच्या तोंडात सारायचा. चौथ्या दिवशी पोरगं कुंथून कुंथून लालभडक झालं, पण कोठा काही हलंना. घरमालकीण तुंगाबाई जुनी बंगळूरची. ती म्हणाली, "अग चंपा, स्वल्प एरंडेल दे गे." चंपानं एरंडेल दिलं, पाळण्यातली गोधडी झटकली, आणि बिस्किटाचा भुगा पडला.

सगळं वठार दारात जमलं.

"मी काय पोराला इख घातलंय?" नागनाथ ओरडला.

"इख न्हाई, मैदा! तुमच्या भट्टीच्या भिंतीला थापा, झ्याक गिलावा हुईल."

बायका फिदीफिदी हसल्या. नागनाथला ते लागलं. बोट जात्याकडं करून म्हणाला, "चार म्हयनं तुझं चालू दे. तुलेच्या दिवशी पोरगं हे असंच किडकिडीत असलं, तर ते जातं रस्त्यावर फेकतो आणि त्याच दिवशी बिस्किट चालू. मग तोंड उघडायचं न्हाई."

"आनि न्हाई असलं तर?"

"तर तू म्हणशील ते."

चंपा दुसऱ्या दिवसापासनं पोराला कडेवरनं खाली ठेवंना. नळावर कडेवर, बाजारात कडेवर. नागनाथ पहाटं भट्टीवर जायचा, दुपारी येऊन घोरायचा. पोराकडं नीट बघायला त्याला सवड नव्हती, आणि नाचणीवर पोरगं बाळसं धरतंय हे त्याच्या मनालाच पटत नव्हतं.

तुलेचा दिवस आला. गूळ नको, बिस्किटांचीच तुला करायची म्हणून त्यानं बेकरीतनं पत्र्याचा डबा भरून आणला. बारा रत्तलाचं पोर, वर एक रत्तल देवाचं, अशी तेरा रत्तल बिस्किटं मोजून; हा आकडा त्यानं चंपाला आदल्या रात्रीच ऐकवला होता. भट्टीवरची माणसंही मारुतीच्या देवळात आली. चंपा एका हातात कापडी पिशवी, कडेवर परसू, अशी आली. पिशवीत काय म्हणून तुंगाबाईनं विचारलं, तर म्हणाली, "देवाचा शिधा, अक्का."

पुजाऱ्यानं परसूला पारड्यात ठेवलं. पारडं धपकन खाली बसलं. नागनाथ बिस्किटं टाकायला लागला. अर्धा डबा गेला, सगळा डबा गेला. डबा उपडा करून बुडावर थापट्या मारल्या, भुगासुद्धा पडला. परसूचं पारडं जमिनीला चिकटलेलंच. त्यानं आत बसून मूठभर फुलं तोंडात कोंबली.

"नागण्णा," भट्टीवरचा यल्लाप्पा म्हणाला, "पळत जाऊन आनी एक घाणा काढू काय?"

देऊळ खो खो हसलं. पारडं उचलल्याबिगर पोराला खाली काढायचं नाही, काढलं तर नवस मोडला. पुजारी म्हणाला, "काहीतरी घाला, लवकर घाला."

चंपा पुढं झाली. पिशवी उचलली आणि बिस्किटांच्या ढिगावर ठेवली. पाच रत्तल नाचणीचं पीठ. परसू हळूहळू वर आला, दोन्ही पारडी एका रेघेत थांबली.

घंटा वाजली. नागनाथ बायकोकडं वळला. "तू काट्यावर घातलं हुतंस पोराला?"

"काटा कशाला? चार म्हयनं कडंवर हाय. कमरंला कळतंय की!"

त्या दिवशी लोकांना बिस्किट मिळालं आणि वर वाटीभर नाचणीची गोड खीर. खिरीचं पातेलं आधी रिकामं झालं. नागनाथनं स्वतः दोन वाट्या ओरपल्या आणि बोलला एवढंच, "गूळ जरा जास्ती पायजे हुता."

मग वठारातल्या बायका नाचणी घेऊन चंपाच्या दारात यायला लागल्या. बासष्ट सालापर्यंत त्या जात्यावरच्या पिठानं सात पोरं उभी राहिली. दळून दळून जातं गुळगुळीत झालं, दाणा फुटंना. तवा एका रविवारी चामराजपेटेच्या भर रस्त्यातनं नागनाथ चंपाच्या सांगण्यावरनं जात्याची वरची तळी खांद्यावर घेऊन पाथरवटाकडं टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून घ्यायला निघाला होता. मागनं चार वर्षांचा परसू बिस्किट चावत चालला होता. बिस्किटाला चंपाची आता ना नव्हती. दाढा आल्यात, म्हणायची, आता दगड खाऊ दे.

यल्लाप्पा आडवा आला. "काय नागण्णा, जातं फेकायला निघालास व्हय?"

"सर बाजूला," नागनाथ म्हणाला, "खालची तळी अजून आणायची हाय."