मागच्या खोलीतली खारी टाकी

समुद्रापासून इतक्या दूर, बीडसारख्या गावात, खाऱ्या पाण्यातले मासे कशाला पाळायचे, असे तुम्हीही मला विचारणार आहात का? विचारा. सगळेच विचारतात. उत्तर माझ्याकडे नाही. किस्से मात्र पुष्कळ आहेत. खाऱ्या टाकीच्या काठावरचे पाणी वाळते आणि मिठाचा पांढरा थर उरतो. आज पुसला तरी चार दिवसांनी पुन्हा चढतो. किश्शांचेही तसेच आहे.

आमचे मंडळ लहान. मी, निवृत्त शिक्षिका. माझे एकेकाळचे विद्यार्थी आप्पासाहेब, आता बांधकामाचे ठेकेदार. दातांचे एक डॉक्टर. आणि आम्हाला मासे मागवून देणारे दुकानदार शेखभाई. टाक्या सर्वांच्या घरी आहेत. क्वारंटाइनची टाकी मात्र एकच, माझ्या मागच्या खोलीत. नवा मासा आधी तिथे एकटा राहतो. तळाला वाळू नाही, दगड नाहीत. लपायला प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे, पाणी शुद्ध ठेवणारा एक स्पंज, त्याला हवेचा पंप, एक हीटर, एवढाच संसार. मुदत संपेपर्यंत रोग दिसला नाही, तरच त्याला घरी जायची परवानगी. हा नियम आम्ही एकमताने केला. मोडणाराही आमच्यातलाच निघाला. ते शेवटी सांगते.

*

टाकी प्रथम मांडली तेव्हा डॉक्टर पिशवीभर खडे मीठ घेऊन आले. “मीठ ते मीठच, बाई,” असे त्यांचे म्हणणे. समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज आणखी काय काय असते, हे मी त्यांना समजावले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि पिशवी परत नेली.

मग शेखभाईंनी माशांसाठी मिळणारे तयार मीठ आणले. ते पाण्यात पूर्ण विरघळल्यावर खारटपणा मोजण्यासाठी मी यंत्र शोधत होते. तोवर डॉक्टरांनी बोट बुडवून चाखलेसुद्धा.

“बाई, गुळण्या करायला एकदम योग्य झालंय.”

“डॉक्टर, मासे गुळण्या करत नाहीत.”

*

आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. टाकीसाठी फिल्टरचे पाणी हवे, बोअरच्या पाण्यातले क्षार चालत नाहीत, असे मी आप्पासाहेबांना फोनवर सांगितले. त्यांनी फक्त ‘पाणी हवे’ एवढेच ऐकले असावे. तासाभरात दारात टँकर उभा! मागोमाग त्यांचा फोन: कमी पडले तर दुसरा पाठवतो.

टाकीत मावणार चार घागरी. आणि टँकरमध्ये बोअरचेच पाणी; माशांच्या कामाचे नाही. मी गल्लीतल्या बायकांना हाक मारली. हंडे, कळशा, बादल्या, सगळे भरले. टाकी कोरडीच राहिली. देवाने आप्पासाहेबांच्या हातून चूक करवून घेतली ती योग्य जागी, असे मी मानले.

*

स्पंज नुसता आणून चालत नाही. तो काही आठवडे जुन्या टाकीत ठेवावा लागतो. त्यात उपयोगी जंतू वाढतात. माशाची घाण तेच पचवतात. असा एक स्पंज डॉक्टरांच्या टाकीत मुरत ठेवला होता. नवा मासा निघाल्याची वर्दी आली, तेव्हा मी तो मागवला.

आला तो पांढराशुभ्र!

डॉक्टर अभिमानाने म्हणाले, “काय कीट चढलं होतं, बाई. ब्रशनं सगळं काढून टाकलं.”

जन्मभर लोकांच्या दातांवरचे कीट काढणाऱ्या माणसाला दोष तरी काय द्यायचा? त्या माशाला शेखभाईंच्या दुकानात थांबावे लागले, आणि तो आल्यावरही मला रोज टाकीचे पाणी बदलावे लागले.

*

आप्पासाहेबांच्या आई तलवाड्याच्या. यजमान गेल्यावर मुलाने त्यांना बीडला आणले. आल्या तेव्हा त्या कुणाशी फारशा बोलत नसत. आप्पासाहेबांच्या हॉलमध्ये मोठी टाकी आहे. तिच्यात नारिंगी माशांची एक जोडी. आजी संध्याकाळी माळ घेऊन तिच्यासमोर बसू लागल्या. पुढे त्या जोडीशी बोलू लागल्या, आणि मग घरच्यांशी. ती जोडी त्या घरात काय आहे, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

एकदा त्या माझ्याकडे आल्या. नवा मासा एकटा का ठेवलाय, असे त्यांनी विचारले. मी सांगितले.

“म्हंजे बाळंतिणीची खोलीच की,” त्या म्हणाल्या. “ऊब हाय, आडोसा हाय, आन् बगायला येनारांना मनाई.”

इतकी नेमकी व्याख्या मलाही सुचली नव्हती. समाधानाने मी चहा करायला गेले. परत येते तो खोलीत धूर. आजींनी अंगणातली पेटती शेगडी आत आणून, निखाऱ्यांवर ओवा टाकून ती थेट टाकीखाली सारली होती. हवेचा पंप तो धूर पाण्यात ओढत होता. मी पंप बंद केला आणि शेगडी पुन्हा अंगणात नेली.

“कावून उचलली, बाई? शेक न्हाई तर कसं हुईल?”

मासा वाचला. तो ओव्यामुळेच वाचला, असे आजी आजही सांगतात.

*

आता आप्पासाहेबांचे.

मुलीचा साखरपुडा ठरला. त्यासाठी त्यांनी एक पिवळाधमक मासा मागवला. तो माझ्याकडे एकांतात होता. मुदत संपायची होती आणि साखरपुडा तोंडावर आला.

“बाई, पाव्हणे येणार. हॉलमधल्या टाकीत पिवळा पायजेच. तुकतुकीत तर दिसतोय.”

“दिसतो तसा आहे का, हे कळावे म्हणूनच ही टाकी आहे, आप्पा.”

ते गप्प बसले. शाळेतही ते असेच गप्प बसत, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाची काच फुटलेली असे.

एकादशीला मी नारायणगडाला दर्शनाला गेले. घराची किल्ली नेहमीप्रमाणे शेखभाईंकडे. बाईंनी परवानगी दिली आहे, असे सांगून आप्पासाहेबांनी ती घेतली. भल्या माणसाने विश्वास ठेवला. साखरपुडा थाटात झाला. व्याह्यांनी पिवळ्या माशाचे फार कौतुक केले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आजींचा फोन आला. “बाई, माज्या जोडीवर रवा सांडल्यागत दिसतंय.”

तो रवा नव्हता, रोग होता. पिवळा मासा त्याच दिवशी गेला. बाकी सगळे आम्ही पकडून माझ्या टाकीत आणले. हॉलमधली टाकी दोन-अडीच महिने माशांविना ठेवणे भाग होते. मासा मिळाला नाही की रोग आपोआप मरतो. आप्पासाहेब मान खाली घालून म्हणाले, “बाई, चुकलो.”

“मला नका सांगू. आईला सांगा.”

त्यांनी सांगितले. आजींनी ऐकून घेतले, लुगडी गाठोड्यात बांधली आणि माझ्याकडे राहायला आल्या. “जवर जोडी हितं, तवर मी हितं.”

जोडीतल्या मादीने अन्न सोडले होते. आजी टाकीसमोर बसून राहत. मी देवघरात नाव घेत होते आणि टाकीत औषध मोजून घालत होते. दोन्हींत कसूर केली नाही. एका सकाळी आजींनी मला हाक मारली. मादी खात होती. आजींनी डोळे पुसले आणि पुन्हा माळ हातात घेतली.

आप्पासाहेब रोज भेटायला येत. आजी त्यांना खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबवत. “तितंच हुभा ऱ्हा. तुजं काय खरं न्हाई.” चहाचा कप जमिनीवरून सरकवला जाई. तिकडे हॉलमध्ये दिव्यांनी उजळलेल्या टाकीत नुसते दगड. व्याही आले की विचारत, मासे कुठे आहेत? बाईंकडे. आणि आई? त्याही तिथेच.

अखेर मुदत संपली. मासे निरोगी निघाले. शेखभाईंनी ते जपून आप्पासाहेबांच्या घरी पोचवले. संध्याकाळी आप्पासाहेब आईला न्यायला गाडी घेऊन आले. गाठोडे उचलायला ते खोलीत पाऊल टाकणार, तोच आजींनी हात आडवा केला.

“त्येंचं झालं. तुजं आजपासून सुरू.”

आणि कप उंबऱ्याबाहेर सरकवला.