जीपच्या बॅटरीची चौकशी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलातल्या वाटा पायी तुडवल्या. पण आता निवृत्तीनंतर सकाळचा चहा घेताना जी चौकशी मनात पुन्हा पुन्हा उघडते, ती एका जीपच्या बॅटरीची आहे.

तेव्हा मी गडचांदूरपासून तासाभराच्या अंतरावर, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कौलारू ठाणं, समोर दोन मोहाची झाडं आणि त्यांच्याखाली सकाळची हजेरी. मोहाच्या दिवसांत हजेरी चालू असताना टोप्यांवर फुलं टपटपायची आणि सावधान उभ्या शिपायांना हसू आवरायचं नाही. तसं ठाणं मला पुन्हा मिळालं नाही.

जीप एकच आणि ती चालवणारे हवालदारही एकच. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, निवृत्तीला चार महिने उरलेले. इतक्या वर्षांत सेवापुस्तकात लाल शाईने लिहिलेली एकही शिक्षा नाही, याचा त्यांना कोण अभिमान! "पुस्तक कोरं घेऊन आलो साहेब, कोरंच घेऊन घरी जाईन," असं ते चारचौघांत सांगायचे.

वार्षिक तपासणी पार पडली आणि दोन आठवड्यांत जीपने रडायला सुरुवात केली. किल्ली फिरवली की नुसतं कट्‌ कट्‌. नवी बॅटरी मागवली. ती चार दिवस ठणठणीत चालली आणि पाचव्या दिवशी तिनेही मान टाकली. जिल्ह्याच्या वर्कशॉपने अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र, काढून टेबलावर तपासलं. शेरा आला, 'अल्टरनेटर निर्दोष'.

मग एका दुपारी खबर आली. वाघाने गुराखी मारला म्हणून एका गावात लोकांनी वनरक्षकांना घेरलं होतं. जीप हलेना. बॅटरी इतकी मेलेली की धक्क्यालाही इंजिन दाद देईना. शेवटी रस्त्यावर येऊन एसटी थांबवली आणि बंदुका मांडीवर घेऊन प्रवाशांत बसलो. पोहोचेपर्यंत एका वनरक्षकाचं डोकं फुटलं होतं. वरून माझा खुलासा मागवला गेला, तोही जरा झोंबेल अशा भाषेत.

त्याच संध्याकाळी माझा जुना खबऱ्या आला. "साहेब, तुमचा डायवर जीपची बॅटरी गडचांदूरले एका दुकानात देते. म्या सोता पाह्यलं, दोनदा."

झालं, माझ्या डोक्यात केस उभी राहिली. नवी बॅटरी विकायची आणि तिच्या जागी जुनी बसवायची. खबऱ्या खोटं बोलत नव्हता. त्याने पाहिलं ते खरंच होतं, अर्थ मात्र मी लावला. आमच्या खात्यात निम्मे घोळ असेच होतात.

दुसऱ्या दिवशी हजेरीनंतर हवालदारांना समोर उभं केलं. बसायलाही सांगितलं नाही.

"बॅटरी दुकानात नेली होती?"

"नेली साहेब."

"कशाला?"

"चार्जिंगले. सकाळी तुमाले गाडी लागते न."

"स्टेशन डायरीत नोंद का नाही?"

ते खाली पाहत राहिले.

"आणखी काही सांगायचंय?"

"नाई साहेब. फक्त पुस्तकात लाल शाई नका येऊ देऊ."

गप्प बसणारा दोषी असतो, असं मी तेव्हा मानत होतो. कसुरी अहवाल, म्हणजे शिक्षेची पहिली पायरी, लिहायला घेतला आणि दुकानदाराचा जबाब घ्यायला हवालदारांसह निघालो. रातोरात भरून आणलेली बॅटरी त्या दिवशी चालत होती.

दुकान एका पन्नाशीच्या बाईंचं होतं. हवालदारांनी "जय भीम, बाई" म्हटलं. बाईंनी हसून जय भीम केला आणि माझ्याकडे पाहून हसू आवरतं घेतलं. मी दरडावून विचारलं. त्यांनी वही पुढे केली. दर वेळी आलेल्या बॅटरीचा नंबर लिहिला होता. माझ्या नोंदवहीतला नवीन बॅटरीचा नंबर तोच होता, आणि जीपमध्ये तीच बसलेली होती. अदलाबदल झालीच नव्हती.

"बॅटरीत दोष नाई साहेब," बाई म्हणाल्या. "पण गाडी कोणी आणलीच नाई माह्याकडे. पेशंटले घरी ठेवता आन् मले इलाज मांगून राह्यले!"

बाईंनी मीटर काढला. इंजिन चालू करून बॅटरीवर दोन तारा टेकवल्या. चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवे होते, दिसले जेमतेम साडेबारा. मग तारा थेट अल्टरनेटरवर लावल्या, तिथे चौदाच्या वर. म्हणजे वीज तयार होत होती, पण बॅटरीपर्यंत पोहोचत नव्हती. शेवटी एक तार अल्टरनेटरच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. तिथे शून्य यायला हवं होतं. काटा दोनजवळ गेला.

"लोखंड लोखंडाले भेटूनच नाई राह्यलं," असं म्हणत त्यांनी अल्टरनेटर धरणारी पट्टी सोडली. पट्टीच्या आतल्या बाजूलाही चकचकीत काळा ऑइलपेंट. त्या लोखंडातूनच विजेचा रस्ता पुरा होतो, आणि रंगाने तो अडवला होता. "हे कोन्या शहाण्यानं रंगवलं?"

हवालदार रस्त्याकडे पाहत होते.

तो शहाणा मी होतो. तपासणीआधी बॉनेटखालची एकेक पट्टी सोडवून रंगवायचा हुकूम माझा. टेबलावर तपासताना अल्टरनेटर निर्दोषच निघणार, कारण खोट त्याच्यात नव्हती, माझ्या रंगात होती. आणि मला आठवलं, हवालदार त्या दिवशी म्हणाले होते, "साहेब, जोडाच्या जागा रंगवू नका." मी सगळ्यांसमोर उत्तर दिलं होतं, "गाडी चालवा, अक्कल चालवू नका."

बाईंनी पॉलिश पेपरने रंग खरवडला, पट्टी आवळली. बॅटरीवर चौदा व्होल्ट आले.

परतताना मी विचारलं, "सकाळी का बोलला नाहीत?"

"एकडाव सांगतलं होतं साहेब," ते एवढंच म्हणाले. मला फार लाज वाटली.

अहवाल फाडला. खुलाशात कसूर माझी म्हणून लिहिली. लाल शाई माझ्या सेवापुस्तकात आली आणि आजही आहे. चोरांना बोलतं करायची मला घमेंड होती. पण त्या माणसाला मी केव्हा, कुठे, कशाला असं सगळं विचारलं, फक्त 'तुम्हाला काय वाटतं' हे विचारलं नाही. पुढे प्रत्येक चौकशीत पहिला प्रश्न तोच ठेवला.

त्यांच्या निरोपाच्या दिवशी मोह फुलला होता. कोरं पुस्तक काखेत धरून ते माझ्यासमोर सावधान उभे राहिले. "साहेब, एक सांगू काय?"

सगळं ठाणं ऐकत होतं. मी म्हणालो, "सांगा. आज काहीही सांगा."

"तुमच्या टोपीवर मोहफूल पडलं हाये."

मी ते झटकलं नाही.