फाटकाजवळची जागा

भिंगऱ्याला एका जागी बसवत नसे. हे नाव थोरल्या बहिणीनं तो रांगायला लागला तेव्हाच ठेवलं होतं, आणि पन्नाशी उलटली तरी ते त्याची पाठ सोडत नव्हतं. धंदाही त्यानं स्वभावाला साजेसाच धरला होता. पार्किंगच्या आवारांत पट्टे मारायचे. आज एखाद्या दुकानाबाहेर, उद्या दवाखान्यात. जेवतानासुद्धा तो ताटाभोवती बोटानं रेघा ओढत बसे आणि बायको म्हणे, "आधी जेवा, मग ताट आखा."

पण या वेळची बेचैनी वेगळी होती. काम आलं होतं ते ताई राहत होती त्याच इमारतीचं. जुने पट्टे पुसून गेले होते, गाड्या वाटेल तशा लागत होत्या, आणि आगीचा बंब आत शिरणार कुठून म्हणून अग्निशमनवाल्यांनी सोसायटीला तंबी दिली होती. सेक्रेटरींनी त्याला आवार दाखवलं. म्हणाले, "फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत वाट मोकळी पाहिजे. बाकी कसं बसवायचं ते तुम्ही बघा."

त्यानं टेप लावला, पुन्हा एकदा लावून पाहिला. एक जागा जाणार होती, आणि ती फाटकाजवळची, पंपाच्या खोलीला लागून असलेली. तिथे दाजींची गाडी उभी होती. दाजी जाऊन दोन वर्षं झाली होती. गाडीच्या चाकांतली हवा उतरली होती, बॅटरी कधीच बसली होती आणि ताईला गाडी चालवता येत नव्हती. तरी रोज दुपारी ती किल्ली घेऊन खाली येई, पुढच्या सीटवर बसे, काचा बंद करी आणि तासाभरानं वर जाई. इमारतीतली माणसं समजून घेत. त्या वेळी तिकडे कुणी फिरकत नसे.

भिंगऱ्यानं कागदावर नाना खटपटी केल्या. पट्टे तिरपे घेऊन पाहिले, तर बंब वळताना अडकत होता. दुचाक्या मागे ढकलल्या, तर कचऱ्याची गाडी अडत होती. रोज सकाळी तो नवा बेत घेऊन येई, टेप ओढी, मान हलवी आणि परत जाई. दोनदा तो ताईकडे वर गेला, चहा प्याला, पाऊस पडेल का यावर बोलला आणि जिना उतरून आला.

"बहीण आहे तुमची, वाघीण नाही," बायको म्हणाली. "सांगून मोकळे व्हा."

"सांगतो," तो म्हणाला आणि चपला घालून उगाचच कोपऱ्यापर्यंत चालून आला.

कामाच्या आदल्या दिवशी लिफ्टपाशी सूचना लागली, आणि सकाळी कुरकुर करत सगळ्यांनी गाड्या बाहेर रस्त्यावर नेल्या. भिंगऱ्या आणि त्याचा जुना जोडीदार झाडायला लागले. कोपऱ्यांतली माती खरवडली, ब्लोअरनं धूळ उडवली, तेलाचे डाग साबणाची पूड टाकून ब्रशनं घासले. डाग राहिला तर त्यावर रंग धरत नाही. दुपारपर्यंत सगळं आवार लख्ख झालं आणि फाटकाजवळ उभी ती एकच गाडी डोळ्यांत खुपायला लागली. जोडीदार गाडीकडे बघे, मग भिंगऱ्याकडे बघे आणि पाणी मारत राही.

नेहमीच्या वेळी ताई खाली आली. तिनं गाडीचं दार उघडलं आणि त्याला हाक मारली. "ये, बस आत."

तो दाजींच्या जागी बसला. स्टिअरिंगवर हात ठेवावा की नाही, हेही त्याला कळेना.

"इतके दिवस खिडकीतून बघतेय," ताई म्हणाली. "या गाडीभोवती टेप घेऊन घिरट्या घालतोयस. जागा जाणार आहे ना?"

त्यानं मान डोलावली. "मी सगळं करून बघितलं, ताई. दाजींची आठवण आहे, माहीत आहे मला. म्हणून तर..."

"आठवण यायला मला गाडी लागते होय?" ती म्हणाली. "वर दोन खोल्या आणि सहा माणसं. नातवंडं मोरीच्या दाराबाहेरूनसुद्धा माझ्याशी गप्पा मारतात. सून गुणाची आहे, मुलगाही चांगला आहे, पण दार लावून गप्प बसावं अशी एवढीच जागा आहे मला. लोकांना वाटतं मी रडायला येते. वाटू दे म्हटलं, निदान कुणी काच तरी वाजवत नाही."

 भिंगऱ्याला हसू यायला लागलं, आणि ते आवरताना डोळेच भरून आले.

"माझ्या शेडमागे जागा आहे," तो म्हणाला. "रंगाचे डबे हलवतो. गाडी तिथे नेऊ. तुला बसनं यावं लागेल पण."

"बसमध्ये निदान कुणी 'आजी, आजी' करत मागे लागणार नाही," ताई म्हणाली. "चालेल."

भाच्यानं पंप आणून चाकांत हवा भरली. सेक्रेटरी, भाचा आणि जोडीदार मागून ढकलू लागले. स्टिअरिंग ताईनं धरलं. भिंगऱ्या पुढे उलटा चालत "डावीकडे, अगं डावीकडे" करत होता आणि ती नेमकी उजवीकडे वळवत होती. फाटकाच्या खांबाला गाडीचा आरसा घासला. बाहेर टेम्पो थांबला होता. तो दोर बांधून गाडी घेऊन गेला.

गाडीखालची माती भिंगऱ्यानं स्वतः घासून काढली. मग जोडीदारानं खडूची दोरी एका टोकाला धरली, यानं दुसऱ्या टोकाला ताणून झटकली, आणि डांबरावर फाटकापासून भिंतीपर्यंत सरळ पांढरी रेघ उमटली. दुसऱ्या दिवशी त्यावर रंग चढला. सेक्रेटरींनी नावाजलं. भिंगऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

कारण त्यानंतर ताई शेडकडे आलीच नाही. तो दर बसला रस्त्यावर येऊन उभा राही. आपण तिची हक्काची जागा घेतली आणि बदल्यात नुसती सोय दाखवली, असं त्याला सारखं वाटे. पट्टे मारायचं मशीन दुरुस्त करायला घेई, अर्धवट टाकी, पुन्हा बाहेर येई.

एका दुपारी ती आली. नातवाला ताप होता म्हणून अडकले होते, म्हणाली. तिनं किल्ली काढली आणि गाडीत बसली. भिंगऱ्या लगबगीनं बादली आणि फडकं घेऊन आला आणि समोरची काच पुसायला लागला. तिनं हँडल फिरवून आपल्या बाजूची काच बोटभर खाली केली.

"पुसू नकोस रे. बाहेरचं दिसायला लागलं की मग मला बाहेरचेच विचार येतात."

त्यानं फडकं पिळलं, बादली उचलली आणि मशीनची नळी धुवायला पलीकडच्या नळावर गेला.