वानोळा खाल्लेली गल्ली

गावातली एकही बाई माझ्याकडून भाजी विकत घेईना, आणि का घेईना हे मला काही केल्या कळेना. भाजी वाईट म्हणावी, तर समोर उभ्या राहून तोंडभरून वाखाणायच्या. महाग म्हणावी, तर भाव विचारायच्या आधीच निघून जायच्या.

विहिरीकडचा तुकडा मी अप्पांकडून, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडून, भांडून घेतला होता. आमच्या गावाला भाजी म्हणजे औरादच्या बाजारातली. ती कुठून कुठून पोत्यांत कोंबून आलेली, घरी आणेपर्यंत मान टाकलेली. मला वाटलं, आपल्याकडं पाणी आहे, शेण आहे, हात आहेत, मग गावापुरती भाजी गावातच का पिकू नये? औषध फवारायचं नाही, लांब न्यायची नाही, सकाळी तोडायची आणि दुपारच्या स्वयंपाकाला गल्लीत पोचवायची. अप्पा म्हणाले, "दिवाळीपर्यंत कर. गावानं इकत घेतली तर तुकडा तुझा. न्हाई तर ऊस लावायचा." मी लगेच हो म्हणाले. गाव भाजी घेणार नाही, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

पहिली मेथी, चुका, कोवळी गवार आली तेव्हा रीतीप्रमाणे मी गल्लीत घरोघर वानोळा दिला. नव्या पिकातलं पहिलं शेजारीपाजारी चाखवायचं, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. दोडके निघाले, पुन्हा दिला. वांगी निघाली, पुन्हा. ही रीत ज्वारी-तुरीच्या हिशोबानं पडलेली, वर्षातून एकदा-दोनदा द्यायची. भाजीच्या मळ्यात दर आठवड्याला काहीतरी नवं निघतं, हे त्या बिचाऱ्या रीतीला काय माहीत? आणि मलाही तेव्हा ते सुचलं नाही.

मग मी दारात भाजीची पाटी मांडून बसले. बायका यायच्या, माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करायच्या, भेंडी हातात घेऊन "लई कवळी हाय गं" म्हणायच्या आणि परत पाटीत ठेवायच्या. बाजाराच्या दिवशी त्याच बायका औरादहून पिवळा पडलेला पालक घेऊन माझ्या दारावरून पदर पुढं ओढून जायच्या. माझ्या डोक्यात तिडीक जायची. पानांना भोकं आहेत म्हणून असेल का? मी भोकाभोकाची पानं निवडून काढली. घरची सून दारात विकायला बसते, ते खटकत असेल? मी नवऱ्याला बसवलं. तर त्याच्या पाटीकडं कुणी फिरकेनासंच झालं.

घरात वेगळाच गोंधळ. वाट्या आणि डबे येतच होते. कुणाकडून हरभऱ्याची डाळ, कुणाकडून कारळ्याची चटणी, कुणाकडून ताकाची चरवी. शेजारच्या अक्कांनी तर शेणखताच्या पाट्या स्वतः मळ्यात आणून ओतल्या. खुरपायला बायका आपणहून यायच्या. माणसं किती चांगली, असं मला वाटायचं. आणि लगेच वाटायचं, मग मेल्या भाजी का घेत नाहीत?

शेवटी वैतागून मी टोपली औरादच्या बाजारात नेली. अनोळखी माणसांनी पटापटा भाजी उचलली. तेवढ्यात अक्का दिसल्या. माझ्याकडं बघून हसल्या आणि माझ्या बाजूला बसलेल्या बाईकडून त्यांनी वांगी घेतली, माझ्या डोळ्यांदेखत! वर ती पिशवी मांडीशी ठेवून माझ्याच शेजारी बसल्या आणि माझ्या भाजीसाठी ओरडायला लागल्या, "या, या, ताजी हाय, बिनाऔषधाची हाय!"

माझा संयम सुटला. "अक्का, माझ्याकडून कामून घेत न्हाई तुम्ही?"

त्यांचा चेहरा उतरला. "आगं, तुझ्या घरचा वानोळा खाल्लाय आम्ही. आन् त्याच हातावर पैसे ठेवू व्हय? आम्ही काय परके हाव?"

"मग मी काय करू?"

"दे की. आम्ही कधी नको म्हनलाव?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी त्यांना अप्पांची अट सांगितली. गावात विक्री झाली नाही तर मळा जाईल आणि ऊस येईल, हेही सांगितलं. अक्का पिशवी उचलून उठल्या.

गावी येऊन त्यांनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि अप्पांना गाठलं. "ऊस लावू नका, अप्पा. पोरीचा मळा लई चांगला हाय."

अप्पांनी विचारलं, "मग घेनार का इकत?"

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. अक्का म्हणाल्या, "तेवढं सोडून काय बी सांगा." अप्पाही चक्रावले. गल्लीचं चुकतंय म्हणावं, तर त्यांनी स्वतः उभ्या जन्मात शेजाऱ्याकडून भाजीचे पैसे घेतले नव्हते. ते नुसतं डोकं खाजवत उठून गेले.

पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण मला ठाऊक होती. पण ती कदर नसण्याबद्दल आहे. इथं कदर तर उतू चालली होती, तिचं मी काय करायचं होतं? वानोळा दिलाच नसता तर विक्री झाली असती का? आणि वानोळा न देणारीकडून तरी गल्लीनं काही घेतलं असतं का? मी दोन्हीकडून विचार केला. दोन्हीकडून डोकं भिंतीलाच आपटलं.

दिवाळी झाली. अप्पांनी शब्द पाळला. अट मीच मान्य केलेली, त्यामुळं रडायला तोंड नव्हतं. तरी रडले. वांग्याची झाडं मोडून सऱ्या पाडल्या. मळा कुणी बुडवला, हे मला अजूनही सांगता येत नाही. त्याला जीव तर सगळ्यांनीच लावला होता.

उसाचं बेणं लावायच्या दिवशी मी कुणाला बोलावलं नव्हतं, तरी सगळी गल्ली आली. मी रोजगाराचं नाव काढलं तर अक्का खेकसल्या, "घरच्या कामाचा रोजगार घेत्यात व्हय?" मी सरीत कांड्या टाकत पुढं गेले. अक्का माझ्या मागून एकेक कांडी पायानं चिखलात दाबत आल्या.