बोसनची जागा

धुकं काल दुपारी जे उतरलं होतं ते सकाळपर्यंत जागचं हललं नव्हतं. परसातली भिंत, पलीकडची धुराडी, सगळं कसं राखेच्या पाण्यात बुडाल्यासारखं. मॉड हॅकेटनं स्वयंपाकघराचं दार घट्ट ओढून घेतलं आणि मांजरांसाठी कॉड माशांची डोकी शिजायला टाकली. लढाई संपून चार-पाच वर्षं झाली तरी लंडनात मटण अजून रेशनवरच होतं. मासे तेवढे रेशनविना मिळत, म्हणून मांजरं जगत होती. आणि मांजरांच्या जिवावर मॉड.

गल्लीच्या टोकाला सिनेमाचा स्टुडिओ होता. तिथं विनोदी सिनेमे निघत. विनोदी सिनेमा म्हटला की मांजर आलंच. पाद्र्याच्या टोपीत ते झोपणार, नको त्या वेळी कपाटातून उडी मारणार. मॉडचा नवरा तिथं सुतार होता. तो गेल्यावर एकदा कुणीतरी धावत आलं, "मिसेस हॅकेट, एखादं मांजर असलं तर द्या हो, आमचं पळालं." तिनं बोसनला काखोटीला मारून नेलं. तेव्हापासून हाच धंदा.

बोसन म्हणजे थोराड केशरी बोका. एक कान फाटका, चाल पोलीस हवालदाराची. खुर्चीत बसला की बसला, मग राजा आला तरी उठायचा नाही. मॉड रोज संध्याकाळी म्हणायची, "उठ रे बोसन, दुसऱ्याला बसू दे." तो एक डोळा उघडायचा, तिच्याकडे बघायचा आणि मिटून घ्यायचा.

रविवारी तो झोपेतच गेला. मॉडनं त्याला परसातल्या गूजबेरीच्या झुडपाखाली पुरलं. माती लोटताना रडली नाही. पण सोमवारपासून बाकीची मांजरं थाळीभोवती जमली की मधे एक जागा सोडून बसू लागली. मॉड तिकडं पाठ करून चहा प्यायची.

आज बोसनच्या सिनेमाचा शेवटचा तुकडा घ्यायचा राहिला होता. दोन चोर एका बहिऱ्या म्हातारीच्या घरात शिरतात, आरामखुर्चीतला बोका त्यांची सगळी चोरी बघत बसतो, अशी गंमत. बोका नाही तर गंमत नाही. मॉडनं टॅन्सीला टोपलीत घातलं. टॅन्सी करडी मांजरी, पण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर केशरी काय नि करडं काय, एकच. छातीवरच्या पांढऱ्या ठिपक्याला करडी पावडर लावली की काम झालं; फाटका कान लांबून कुणाला दिसतोय.

अडचण उशीची होती. मॉडची पद्धत अशी, की मांजर घरी ज्या उशीवर झोपतं तीच सेटवर न्यायची, म्हणजे ते रमतं. बोसनची झालरीची उशी आधीच्या सगळ्या तुकड्यांत दिसली होती. आता ती बदलता येत नव्हती.

दिवे लागले. मॉडनं टॅन्सीला उशीच्या मधोमध ठेवलं. टॅन्सी उठली, अंग चोरून कडेला सरकली आणि खुर्चीच्या हाताला चिकटून बसली. नजर उशीच्या रिकाम्या भागावर. बसायला आलेला चोर म्हणजे म्हातारा नट ट्रॅस्क. त्यानं मांजरीकडे पाहिलं, रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि दोघांनाही टोपी काढून सलाम केला. सेटवर हशा पिकला.

"सलाम छान आहे," दिग्दर्शक कॉर्बी म्हणाला, "पण मांजर मधे हवं, बाई. आधीच्या तुकड्यात ते मधेच आहे."

पुन्हा ठेवलं. पुन्हा कडेला. तिसऱ्यांदा तर टॅन्सी फिसकारली, आणि तेही मॉडवर नाही, उशीवर.

"काय गं मॉड, तुझ्या राणीसाहेबांना ही खुर्ची खपत नाही वाटतं?" वरून दिवेवाला विली ओरडला. "सोफा मागवू का?"

"तू तुझे दिवे सांभाळ, मेल्या."

कॉर्बीनं घड्याळ पाहिलं. "मिसेस हॅकेट, चहाच्या आधी जमलं तर ठीक. नाही तर मी मांजर काढून टाकतो. मग आधीचे मांजराचे तुकडेही कापावे लागतील, जुळायचे नाहीत."

म्हणजे बोसनचं शेवटचं सगळं काम कात्रीखाली.

ट्रॅस्क तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्यानं उशीच्या रिकाम्या भागावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "इथं ऊब आहे."

"दिव्यांची असेल."

"दिवे त्या बाजूला आहेत."

मॉडनं उशीकडे पाहिलं. मधोमध एक खळगा होता, टॅन्सीच्या अंगाहून मोठा. पहिल्यांदाच तिला थेट बघवलं. हाकलावं तर बोसन जाणार. न हाकलावं तर त्याचं काम जाणार, आणि पडद्यावरही तो कुठं उरणार नाही.

ती वाकली. सगळा सेट ऐकत होता, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"उठ रे बोसन," ती म्हणाली. "दुसऱ्याला बसू दे."

कुणी हसलं नाही. विलीसुद्धा नाही. टॅन्सीचे कान हलले. तिची नजर उशीवरून खाली गेली, जमिनीवरून हळूहळू सरकत दाराच्या अंधाराकडे गेली आणि तिथं थांबली. मग ती उठली, खळग्यात आली, एक गिरकी घेतली आणि ऐसपैस बसली.

"चालू करा!" कॉर्बी कुजबुजला.

तुकडा एका झटक्यात झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काय जादू केलीत बाई?" कॉर्बी विचारत होता. ट्रॅस्कनं मात्र टोपी पुन्हा डोक्यावर घातली नव्हती.

टॅन्सीची टोपली घेऊन मॉड धुक्यातून घरी निघाली. मनात एकच गोष्ट घोळत होती. जिवंतपणी सांगून हा एकदाही उठला नव्हता. आज उठला. आणि आपण नुसतं उठ म्हणालो, कुठं जा ते सांगितलंच नाही. वाटेत ती दोनदा थांबली, मागं वळली. धुक्यात काही दिसत नव्हतं. हाक मारायला तोंड उघडलं, पण येईलच तो, या भीतीनं मिटून घेतलं.

घरात शिरताच मांजरं पायांत घोटाळली. मॉडनं कोट खुंटीला अडकवला, बाह्या वर सारल्या, परसातून भुश्शाचं पोतं ओढून आणलं आणि मांजरांच्या घाणीचे ट्रे एकेक करून खरवडायला बसली.